जुन्या गाडीचा कार्बोरेटर फेकू नका: काय बदलायचं, काय दुरुस्त करायचं

जुनी जावा, येझदी, बुलेट नाहीतर आरएक्स १०० घरात असली की मेस्त्रीच्या तोंडून एक वाक्य कधी ना कधी येतंच : "कार्बोरेटर गेलाय, नवीन बसवूया." पण अख्खा कार्बोरेटर सहसा जात नाही, त्यातले चार-पाच भाग जातात. बाजारात मिळणारा डुप्लिकेट कार्बोरेटर वरून सारखाच दिसतो. आतल्या छिद्रांची मापं मात्र तीच असतील याची खात्री नसते, आणि मग सहा महिने ट्युनिंगमागे धावणं होतं.

शिवाय बेळगावकडच्या माणसाची एक मोठी सोय आहे, ती म्हणजे उद्यमबाग ही औद्योगिक वसाहत. तिथली कितीतरी वर्कशॉपं हायड्रॉलिकच्या कामावर चालतात. गोल भोकात गोल स्पूल (सरकणारा दांडा) शतांश मिलिमीटरच्या फटीने बसवणं हे त्यांचं रोजचं काम, आणि मूठ पिळली की कार्बोरेटरमध्ये वर सरकणारी स्लाइड म्हणजे तरी दुसरं काय?

सुरुवातीला एक नियम पाठ करा. जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक छिद्राचा पितळी भाग), जेट नीडल (स्लाइडला लटकून नीडल जेटमध्ये वरखाली होणारी सुई), फ्लोट नीडल (खालच्या वाटीत, म्हणजे बाउलमध्ये, पेट्रोल पुरेसं आलं की वाट बंद करणारी सुई) आणि रबर हे भाग कधीही दुरुस्त करायचे नाहीत, बदलायचे. बॉडी, फ्लँज (इंजिनला टेकणारी सपाट बाजू), स्लाइड, पितळी फ्लोट (बाउलमध्ये तरंगणारा पोकळ डबा) आणि आटे हे दुरुस्त करायचे. नवशिके नेमकं उलटं करतात. जेटमध्ये तार घालून ते "साफ" करतात आणि बॉडी भंगारात देतात.

## १. आधी ओळख, मग पाना

बॉडीवर कोरलेला क्रमांक वाचा आणि फोटो काढा. जुन्या बुलेटला अमल मोनोब्लॉक असतो, नंतरच्या बुलेटला मिकुनी जातीचा मिककार्ब. मैसूरच्या कारखान्यातल्या जावा आणि येझदीला बहुतेक वेळा झेकोस्लोव्हाकियाचा जिकोव्ह सापडतो. पण ही गाडी १९६१ ते १९९६ अशी पस्तीस वर्षं निघत होती आणि त्यानंतर ती किती हातांतून गेली कोण जाणे. त्यामुळे कुठल्या गाडीवर काय असायला हवं यापेक्षा तुमच्या गाडीवर आत्ता काय आहे तेच खरं धरा.

ओळख पटवण्याचं दुसरं कारण आट्यांचं. अमल इंग्लंडचा, त्याचे आटे मेट्रिक नाहीत. त्यात एम-४ चा (४ मिमीचा मेट्रिक) स्क्रू "बसतोय की" म्हणून दाबून फिरवला की आटे गेलेच समजा.

खोलण्याआधी लक्षण लिहून ठेवा :

- गाडी उभी असताना पेट्रोल ठिबकतं : फ्लोट, फ्लोट नीडल किंवा तिची सीट (ती टेकते ती जागा).
- आयडलिंग कधी वर कधी खाली, गरम झाल्यावर आपोआप वाढतं : फ्लँजमधून किंवा स्लाइडच्या बाजूने हवा शिरते.
- आयडलिंग नाहीच, पण मूठ पिळल्यावर चालते : पायलट जेट (आयडलिंगचं पेट्रोल देणारा छोटा जेट) किंवा पायलटची वाट बंद.
- अर्ध्या थ्रॉटलला काळा धूर, अॅव्हरेज कमी : नीडल आणि नीडल जेट झिजले.
- फक्त पूर्ण मूठ पिळल्यावर दम तोडते : मेन जेट, नाहीतर टाकीच्या कॉकची जाळी. जाळी आधी बघा, तिला काही खर्च नाही.

## २. काय काय लागेल

हत्यारं : जेटच्या खाचेत अचूक बसणारा स्क्रू ड्रायव्हर (पातं जाड असेल तर ग्राइंडरवर घासून घ्या), रिंग पाने, व्हर्नियर, फिलर गेज, ६ मिमी जाडीची सपाट काच, २२० आणि ४०० नंबरचे वॉटर पेपर, ६० वॉटची डाख द्यायची इस्त्री, कथील-शिसं ६०/४० ची तार आणि राळ.

साफसफाई : कार्बोरेटर क्लीनर स्प्रे, रॉकेल किंवा डिझेल, सायकलचा पंप किंवा कॉम्प्रेसरची हवा, माशाच्या गळाची बारीक तंगूस.

नवीन भाग : फ्लोट नीडल आणि सीट जोडीनेच, नीडल आणि नीडल जेट तेही जोडीनेच, बाउलचं पॅकिंग, सगळे ओ-रिंग.

रबर घेताना दुकानदाराला "व्हायटॉन आहे का" असं स्पष्ट विचारा, हे इथेनॉलचं पेट्रोल सहन करणारं रबर. ई-२० पेट्रोल (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर यायला लागलं. त्यातलं इथेनॉल बहुतेक ऊस आणि धान्यापासून काढलेलं, म्हणजे आपल्याच चिकोडी-गोकाक पट्ट्यातला ऊस फिरून आपल्याच टाकीत येतो म्हणायला हरकत नाही. जुनं रबर या पेट्रोलात फुगतं किंवा चिकट होतं. वर्षापूर्वी टाकलेलं पॅकिंग बाउलमधून बाहेर आल्यावर परत बसतच नसेल, तर कारण हेच.

## ३. उतरवणं आणि धुणं

कॉक बंद करा, बाउल रिकामा करा, केबल सोडा. स्लाइड वरून ओढताना नीडल वाकू देऊ नका. नीडलची क्लिप वरून कितव्या खाचेत आहे आणि एअर स्क्रू (आयडलिंगचं मिश्रण ठरवणारा) पूर्ण आवळायला किती फेरे लागतात हे खोलताना मोजून लिहा. हे दोन आकडे विसरलात तर शेवटचं ट्युनिंग अंधारात करावं लागेल.

जेट अडकला असेल तर जोर करू नका. पितळाची खाच एकदा गोल झाली की पुढचं काम चौपट वाढतं. गंज सोडवायचं तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी बॉडी उकळत्या पाण्यात पाच मिनिटं बुडवा आणि लगेच फिरवा. बॉडीचं जस्त जेटच्या पितळापेक्षा जास्त फुगतं, म्हणून जेट सैल होतो.

आता एक सापळा. बॉडी चकचकीत व्हावी म्हणून लोक ती चिंचेच्या पाण्यात उकळतात, कुणी तर बाथरूमचं अॅसिड वापरतात. बहुतेक जुन्या कार्बोरेटरांची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते. हातात घेतली की कळतं, ॲल्युमिनियमच्या दुपटीहून जड लागते. जस्त अॅसिडमध्येही विरघळतं आणि कॉस्टिक सोड्यातही. वरून चमक येते आणि आत पायलटची छिद्रं मोठी होतात. रॉकेल, ब्रश आणि स्प्रे एवढं पुरे. फारच साचलं असेल तर चष्म्याच्या किंवा दागिन्यांच्या दुकानात अल्ट्रासॉनिक मशीन असतं, त्यात साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं.

पायलटची वाट सगळ्यात बारीक आणि सगळ्यात दुर्लक्षित. एअर स्क्रूच्या भोकातून स्प्रे मारला की स्लाइडखालच्या छोट्या छिद्रांमधून तो उडाला पाहिजे. ही छिद्रं कधी एक, कधी दोन असतात. एकातून जोरात आणि दुसऱ्यातून नुसता ओलावा येत असेल, तर वाट अजून मोकळी नाही. तंगूस घाला, स्टीलची तार नको.

## ४. पितळी फ्लोट

कानाजवळ धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं म्हणजे भोक आहे. प्लॅस्टिकचा फ्लोट असेल तर नवीन घ्या, चिकटवायच्या भानगडीत पडू नका. पितळी असेल तर तो वाचतो. पण क्रम महत्त्वाचा, कारण आत पेट्रोलची वाफ आहे.

भोक शोधा. पाणी गरम करून भांडं गॅसपासून दूर, अंगणात आणा. फ्लोट बुडवून धरा. आतली हवा फुगते आणि भोकातून बुडबुड्यांची माळ निघते. तिथे खिळ्याने खूण करा.

पेट्रोल काढा. भोक खालच्या बाजूला ठेवून पुन्हा गरम पाण्यात धरा, वाफेच्या दाबाने आतलं पेट्रोल बाहेर येतं. पाणी बदलून तीन-चार वेळा करा. मग सराफाच्या काट्यावर वजन घ्या, दिवसभर उन्हात ठेवा आणि पुन्हा वजन घ्या. वजन घटायचं थांबलं की मगच पुढे. गॅसचा बर्नर किंवा ब्लो लॅम्प फ्लोटजवळ आणायचाच नाही, रिकामा वाटला तरीही.

डाख द्या. फ्लोटचे मूळ सांधेही डाखेचेच असतात, त्यामुळे एकीकडे जास्त तापवलं तर दुसरीकडे उघडतं. सांध्यावर ओलं फडकं गुंडाळा. भोकाभोवती पितळ घासून पिवळंधमक करा, राळ लावा, इस्त्री टेकवा आणि थेंबभर कथील द्या. इथे सगळ्यांची एक फजिती होते. भोक बंद होता होता आतली गरम हवा फुगते आणि वितळलेल्या डाखेतून फुर्रकन बाहेर येऊन परत भोक पाडते. उपाय असा : वरच्या बाजूला, पेट्रोलच्या पातळीच्या वर, सुईने एक बारीक भोक पाडून ठेवा. खालचं भोक बंद करा, फ्लोट पूर्ण थंड होऊ द्या, आणि वरचं भोक सगळ्यात शेवटी एका झटक्यात बंद करा.

भांड्यांना कल्हई करताना लावतात तसला अॅसिडचा फ्लक्स वापरू नका. तो नंतर पितळ खातो आणि महिन्याभरात शेजारीच नवीन भोक पडतं.

परत वजन करा. डाखेमुळे फ्लोट जड होतो, जड फ्लोट खाली बसतो आणि बाउलमधलं पेट्रोल वर चढतं. जादा डाख इस्त्रीने ओढून, पेपरने घासून काढा. रिकाम्या फ्लोटच्या वजनात अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी फरक राहिला तर ठीक.

## ५. फ्लोट नीडल आणि पातळी

भिंगाने बघा. टोकावर अंगठीसारखी खाच दिसली तर नीडल गेली. रबरी टोकाची नीडल घासायची नाही. सुरुवातीच्या नियमाला अपवाद एकच : स्टीलची नीडल आणि पितळी सीट असेल तर पितळ चमकवायची पॉलिश लावून हाताने चार-पाच हलके फेरे चालतात. व्हॉल्व घासायची पेस्ट मात्र नको, तिचे कण सीटमध्ये रुतून बसतात.

तपासणी टेबलावरच करा. पेट्रोलची बाटली कार्बोरेटरपेक्षा ३० ते ४० सेंटिमीटर वर टांगून नळी जोडा आणि दहा मिनिटं थांबा. ठिबकलं नाही तर काम झालं. गाडीवर चढवून मग गळती शोधणं हे उगीचचं दुप्पट काम.

पातळीसाठी बाउलच्या ड्रेनला पारदर्शक नळी लावा आणि ती बाउलच्या बाजूने वर धरा. आतलं पेट्रोल जिथे आहे तिथेच नळीतही दिसतं. फ्लोटचा पत्रा किंचित वाकवून मॅन्युअलमधल्या मापावर आणा. वाकवताना नीडल सीटवर दाबली जाता कामा नये.

## ६. फ्लँज

दोन नटांवर बसणाऱ्या कार्बोरेटरचे कान (नटांच्या भोकांची दोन टोकं) जास्त आवळल्याने इंजिनकडे वाकतात आणि मध्ये पोकळी राहते. मग लोक दोन पॅकिंग घालून अजून आवळतात, कान अजून वाकतात.

फ्लँज काचेवर ठेवून फिलर गेज सरकवा. ०.०५ मिमीची पात मध्ये शिरली तर घासायला हवं. काचेवर २२० चा पेपर ओला करून पसरा आणि फ्लँज इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवा. आधी फक्त दोन्ही कान चमकतात, मधला भाग काळाच राहतो. चमक सगळीकडे सारखी आली की ४०० च्या पेपरवर संपवा. फ्लँजमध्ये ओ-रिंगची खाच असेल तर ती उथळ होत नाही ना, हे मोजत राहा.

बसवताना एकच पातळ पॅकिंग, मधला बेकेलाइटचा ठोकळा असेल तर तोही दोन्ही बाजूंनी घासलेला, आणि नट आलटून पालटून पाव-पाव फेरा.

दोन स्ट्रोक गाडीवाल्यांनी हे काम जरा जास्तच मनावर घ्यावं. बुलेटमध्ये फटीतून हवा शिरली तर आयडलिंग बिघडतं, येझदीत शिरली तर पिस्टन जाम होतो.

## ७. स्लाइड आणि बोअर

इंजिन ओढतं तेव्हा स्लाइड सतत इंजिनच्या बाजूला दाबली जाते, म्हणून बोअर, म्हणजे स्लाइड ज्यात सरकते ते भोक, गोल न राहता त्याच दिशेने लंबगोल होतो. बोअर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजा. स्लाइडही तशीच. आधी दुसरी चांगली स्लाइड घालून बघा. फट ०.१० मिमीच्या आसपास आली तर तेवढ्यावर भागतं. ०.२० च्या पुढे गेली असेल तर बोअर गोल करून मोठ्या मापाची स्लाइड करावी लागते.

टर्नरकडे जाताना कागदावर आकृती आणि मापं घेऊन जा. समोरचा मराठी बोलो की कन्नड, मिलिमीटर दोघांचा एकच. त्याला या गोष्टी आधी सांगा :

- बॉडी तीन जबड्यांच्या चकमध्ये धरायची नाही, पातळ जस्त दबतं आणि सोडल्यावर बोअर परत वाकडा होतो. फेस प्लेटवर बांधून किंवा मिलिंगवर बोअरिंग हेडने करायचं.
- बोअर गोल होईल एवढाच कापायचा, एक शतांशही जास्त नाही. शेवटचा हात होनिंगचा.
- नवीन स्लाइड पितळेची चालते. तयार फट ०.०५ ते ०.०७ मिमी.
- स्लाइडच्या तळाचा तिरपा काप जुन्याइतकाच हवा. मिकुनीत त्यावरचा आकडा मिलिमीटरमध्ये असतो, अमलमध्ये इंचाच्या सोळाव्या भागात. अमलचा ३ म्हणजे ३/१६ इंच.
- मार्गदर्शक खाच आणि केबलचं भोक जुन्या स्लाइडवरून जसंच्या तसं.

काम द्यायच्या आधी पायलटची छिद्रं मेणबत्तीच्या मेणाने बुजवा, म्हणजे चुरा आत जात नाही. परत आल्यावर गरम पाण्यात मेण वितळून निघतं.

घट्ट स्लाइड सैल स्लाइडपेक्षा धोक्याची, कारण उघड्या थ्रॉटलवर अडकली तर गाडी थांबत नाही. म्हणून चाचणी : स्लाइड कोरडी, स्प्रिंगशिवाय, स्वतःच्या वजनाने खाली सरकली पाहिजे. एकदा थंड बॉडीत आणि एकदा उकळत्या पाण्यातून काढलेल्या बॉडीत. दोन्हीत सरकली तरच गाडीवर.

## ८. आटे आणि तुटलेले कान

बाउलच्या एम-४ स्क्रूचे आटे गेले तर हेलिकॉइल (तारेच्या वेटोळ्याचे नवीन आटे) बसवा. जागा जाड असेल तर ४.२ मिमीचं ड्रिल मारून एम-५ चा टॅप. ड्रिल हाताने फिरवा, मशीनने जस्त ओरबाडतं.

तुटलेला कान घेऊन वेल्डरकडे गेलात की तो म्हणतो, ॲल्युमिनियमच तर आहे, भरतो. हे जस्त ३८० अंशांच्या आसपास वितळतं, ॲल्युमिनियम ६६० ला. आर्क लागताच बॉडी ओघळते, मग काहीच उरत नाही. पेट्रोल सहन करणारा मेटल इपॉक्सी आणि आतून पितळेची पिन, एवढाच मार्ग. कान पूर्ण तुटून हरवला असेल तर दुसरी जुनी बॉडी शोधणं बरं.

एअर स्क्रू जोरात आवळल्याने त्याचं टोक तुटून आत राहतं. इंजिनच्या बाजूचा मिश्रणाचा स्क्रू असेल तर बोअरमधल्या छिद्रातून बोथट सुईने टोक मागे ढकलता येतं. ड्रिल लावू नका.

## ९. जेट

जेटवरचा आकडा दिसतो तसा प्रत्येक कंपनीचा एकाच मापाचा नसतो. अमलचा आकडा मिनिटाला किती पेट्रोल वाहतं त्याचा. डेलॉर्टो पद्धतीच्या जेटवर छिद्राचा व्यास शतांश मिलिमीटरमध्ये असतो. म्हणून एका कंपनीचा १०० दुसऱ्या कंपनीच्या १०० च्या जागी बसवला की मिश्रण कुठल्या कुठे जातं. छिद्राच्या कडेवर ओरखडा दिसला तर जेट बदला.

## १०. जोडणी आणि ट्युनिंग

मुठीवर आणि तिच्या शेजारी चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. आठव्या भागापर्यंत पायलट, तिथून पावापर्यंत स्लाइडचा काप, पाव ते पाऊण नीडल, पुढे मेन जेट. त्रास ज्या खुणेवर होतो, तोच भाग बदला, आणि एका वेळी एकच.

एअर स्क्रू स्लाइडच्या हवेच्या बाजूला असेल तर बाहेर फिरवल्यावर मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त). इंजिनच्या बाजूला असेल तर तोच फेरा ते दाट करतो. हे न बघता "दीड फेरा" सांगणाऱ्याचं ऐकू नका. इंजिन पूर्ण गरम करा, सगळ्यात जास्त आरपीएम मिळेल तिथे स्क्रू थांबवा, मग आयडल स्क्रूने आरपीएम खाली आणा.

ताळा म्हणून एमिशन टेस्टची पावती नीट वाचा. ३१ मार्च २००० पर्यंतच्या दुचाकींना आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएम ही मर्यादा आहे. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या काठावर असेल तर पायलट अजून दाट आहे. कार्बन मोनॉक्साइड अगदी कमी आणि हायड्रोकार्बन जास्त दिसलं तर उलट बाजूने बघा, मिश्रण पातळ होऊन मिसफायर होत असेल.

प्लगसाठी मोकळ्या सरळ रस्त्यावर, पहाटे, एक किलोमीटर पाऊण ते पूर्ण थ्रॉटल चालवा, तिथेच किल स्विच, क्लच दाबा आणि प्लग काढा. कॉफीचा रंग बरोबर, पांढरा असेल तर मेन जेट एक आकडा वर.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. इथे हवा थोडी विरळ, त्यामुळे इथे काठावर लावलेली गाडी चोर्ला घाट उतरून गोव्यात गेली की दाट हवेत पातळ चालते. दोन स्ट्रोक गाडी घेऊन जाणार असाल तर नीडलची क्लिप एक खाच खाली सरकवा, म्हणजे नीडल वर येते आणि मिश्रण दाट होतं. परत आल्यावर क्लिप पुन्हा जागेवर.

आणि पावसाळ्यात, खानापूर-जांबोटीकडे तर विशेषच, गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर बाउलचा ड्रेन उघडून रिकामा करा. इथेनॉल ओलावा ओढतं, ते पाणी बाउलच्या तळाशी बसतं आणि जस्त खातं. ड्रेन उघडल्यावर पांढरी भुकटी पडली, तर हे काम सुरू झालेलं आहे.